मनूला नंबर नव्हता

उंबरपाडा, ता. नवापूर
८ जानेवारी २०२४

प्रिय रोहिणी,

शनिवारी दुपारी बोर्डिंगच्या मागच्या अंगणात आपण वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायचो, ते आठवतं का तुला? एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. टोकं जुळवायला जवळ आलो की तू चादर माझ्या डोक्यावर टाकायचीस आणि सिस्टर बेनेडिक्टा खिडकीतून ओरडायच्या, "रोहिणी, ती चादर आहे, तंबू नाही!" प्रत्येकीच्या कपड्यावर लाल दोऱ्याने नंबर घातलेला असायचा. माझा नंबर पहिल्या टर्ममध्ये कितीतरी दिवस घातलाच नव्हता. नंबर नसलेले कपडे सिस्टर कपाटात ठेवत नसत, स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या कपड्यांबरोबर ठेवत. ते आणायला त्यांच्या खोलीत जावं लागे आणि प्रत्येक वेळी एक बिस्किट मिळे. म्हणून मी नंबर घालायचा टाळत होते. हे तुला तेव्हाही माहीत होतं, तू चुगली केली नाहीस.

आज पत्राला कारण आहे. मदत हवी आहे.

माझ्या मनूला, इमॅन्युएलला, जाऊन पुढच्या महिन्यात तेरा वर्षं होतील. तो सुरतेला कॉम्प्युटर शिकत होता, आणि सिकलसेलने नेला. तू आली होतीस तेव्हा, तुला काय सांगायचं. जायच्या आधीच्या नाताळात त्याने आमच्या घराचं एक पान इंटरनेटवर ठेवलं होतं. ते मी तुला दाखवलं नव्हतं. बरेच दिवस कोणालाच दाखवलं नाही.

माझे थोरले दीर चुनीलालभाऊ आणि माझे शमुवेल यांचं काय झालं ते तू जाणतेस. सासरे वारले तेव्हा भाऊजींना जुन्या रीतीने माती द्यायची होती. शमुवेलनी चर्चच्या दफनभूमीत नेलं. त्या दिवसापासून भाऊजी आमच्या ओट्यावर चढले नाहीत. दोन घरांच्या मधे एक चिंचेचं झाड आहे, पण तेवढंच अंतर कोणाला तोडता आलं नाही. फक्त मनू दोन्हीकडे जेवायचा.

त्या पोराने काय केलं, तर आम्हा प्रत्येकाचा ओट्यावर बसलेला फोटो वेगवेगळा काढला. सासूबाई रूपीबाईंचा, माझा, शमुवेलचा. भाऊजींचा त्यांच्या स्वतःच्या ओट्यावर. सगळ्यात शेवटी स्वतःचा. खालची सारवलेली कड सगळ्यांत एका उंचीवर घेतली आणि पानावर सगळ्यांना शेजारी शेजारी ठेवलं. पाहणाऱ्याला वाटावं एकाच ओट्यावर एका रांगेत बसलेत. मी, मग मनू, मग शमुवेल, मग सासूबाई, आणि दाराजवळ भाऊजी. आमच्याकडे दारालगतची जागा थोरल्याची. दोघा भावांच्या मधे आई.

भाऊजींना ते दाखवायचं राहून गेलं. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते अजून नीट दिसतं, पण तो घरात आहे आणि ते ओटा चढत नाहीत. या नाताळात त्यांची नात रिना नंदुरबारहून आली. तिने पणजीचं नाव फोनवर शोधलं आणि पान सापडलं. ती आनंदाने आजोबांकडे धावली. पण फोनवर रांग नव्हतीच गं. सगळे एकाखाली एक. वर सासूबाई, मग मी, मग शमुवेल, आणि त्यांच्या पायाशी भाऊजी.

भाऊजींनी पाहिलं आणि फोन परत दिला. आमच्या बोलीत म्हणाले ते मराठीत सांगते: "पोराने मला धाकट्याच्या पायाशी बसवलं. त्याच्या बापानेच शिकवलं असेल." त्यांच्याही खाली मनू स्वतः होता. ते त्यांनी पाहिलं नाही.

शमुवेल गेले, सासूबाई गेल्या. त्या रांगेतले आम्ही दोघंच उरलो आणि भाऊजी आता पंच्याहत्तरीच्या पुढे. त्यांनी हे मनात घेऊन जाऊ नये. तू इतकी वर्षं पॉलिटेक्निकला हेच शिकवलंस. पानाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून जोडला आहे. पाहशील?

तुझी,
ग्रेसी

---

नाशिक
२९ जानेवारी २०२४

ग्रेसे,

तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमन मला विचारतो, "बाई, अजून पत्रं लिहितं कोणी?" म्हटलं, जिला सिस्टर बेनेडिक्टांनी दर रविवारी पत्र लिहायला बसवलं ती मरेपर्यंत लिहिते.

पान पाहिलं. दुखणं लगेच कळलं. पानाला दोन अंगं असतात. एकात मजकूर आणि फोटो. दुसरी फाइल स्टाइलशीट, तिला आम्ही सीएसएस म्हणतो. कोणी कुठे बसायचं, किती जागा घ्यायची, कोणाशेजारी कोण, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तुझ्या पोरानं तीच चुकीची लिहिली आहे. रांग लावायला आज 'फ्लेक्स' लिहितात. त्यानं 'बॉक्स' लिहिलंय, तेही त्याच्या वेळच्या एकाच ब्राउझरला कळेल अशा रीतीने. आजच्या ब्राउझरला त्यातलं काही समजत नाही. समजलं नाही की तो गप्प बसतो आणि सगळ्यांना फाइलमधल्या क्रमाने एकाखाली एक रचतो. तुझा जुना कॉम्प्युटर जुन्याच ब्राउझरवर अडलाय, म्हणून तिथं दिसतं.

हा गोंधळ माझ्या वर्गात नेहमीचा. पोरं इंटरनेटवरून जुनं आणि नवं एकत्र उचलतात, अर्धं बॉक्स, अर्धं फ्लेक्स. मी मार्क कापायची. बसू दे, आठवडाभरात दुरुस्त करून देते.

तुझं अक्षर का हललंय? तू बरी शे ना? मन्ही माय म्हणायची, अक्षर हललं की माणूस उपाशी शे. जेवत जा.

रोहिणी

---

उंबरपाडा
२० फेब्रुवारी २०२४

प्रिय रोहिणी,

अक्षर थंडीने हललं असेल. काळजी करू नकोस.

तुझं पत्र वाचून मी चिंचेपर्यंत गेले. भाऊजी अंगणात बसले होते. डोक्यावर पदर घेऊन लांबूनच म्हटलं, "भाऊजी, मनूने तुम्हाला खाली बसवलं नव्हतं. त्याची लिहिण्यात चूक झाली." ते म्हणाले, "मनूची आई, तो शिकायला गेला होता ना सुरतेला? मग एवढं कसं चुकला? चूक माणसाच्या हातून तिकडेच होते, जिकडे त्याचं मन नसतं."

मी तशीच परत आले.

रोहिणी, तू बरोबरच सांगितलं असशील. तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस. पण तेरा वर्षं मी त्या पानाकडे पाहून स्वतःला सांगत होते की माझ्या मुलाला एक काम तरी पूर्ण येत होतं. त्या डिसेंबरात त्याचे सांधे इतके दुखायचे की मी गरम पाण्याच्या पिशव्या बदलत बसायची आणि तो की-बोर्ड मांडीवर घेऊन टाइप करायचा. मी नर्स होते, मला कळत होतं काय चाललंय. म्हणायची, "राहू दे रे, बरा झालास की कर." तो म्हणायचा, "आई, एवढी काकांची जागा झाली की झोपतो."

ते चुकीचं होतं तर चुकीचंच राहू दे. दुरुस्त करू नकोस. ज्या हाताने ते लिहिलं, त्यावर दुसऱ्या कोणाचा हात फिरायला नको.

तुला राग येऊ देऊ नकोस.

ग्रेसी

---

नाशिक
५ मार्च २०२४

ग्रेसी,

राग मला आला, स्वतःचाच. तुझं पत्र वाचून मी चहा ओतून दिला आणि तारखा काढून बसले. हे मी आधी करायला हवं होतं. फाइल पाहिली, तिचं वय पाहिलं नाही.

आता नीट वाच. सीएसएसचे नियम एकदम आभाळातून पडत नाहीत. आधी मसुदा निघतो. लोक वापरून पाहतात, भांडतात, शब्द बदलतात, आणि मग कधीतरी पक्का नियम होतो. मनूनं हे पान केलं त्या नाताळात 'बॉक्स' हाच मसुदा होता. सगळ्यात ताजा. 'फ्लेक्स' हा शब्द तेव्हा जन्मलाच नव्हता. मनू गेल्यानंतर तो मसुदा बदलला, पुन्हा एकदा बदलला, आणि मग आजचा झाला. मनूनं लिहिलेलं मागं राहिलं, कारण ते पुढं न्यायला तो नव्हता.

तो चुकला नव्हता, ग्रेसी. नियम त्याच्या माघारी बदलला. आणि ऐक, त्या वर्षी मी, विभागप्रमुख रोहिणी पाटील, वर्गात रांगा लावायला टेबलाचे रकाने शिकवत होते. तुझा पोरगा माझ्या पुढं होता. मी त्याचे मार्क कापणार होते, काय म्हणावं मला!

हे भाऊजींना सांग. आणि मला एक करू दे. त्याच्या ओळी मी पुसत नाही. त्या आहेत तिथंच राहतील. त्यांच्याखाली आजच्या भाषेत तेच पुन्हा लिहिते, जसं आपण बायबलच्या वचनाखाली मराठी अर्थ लिहायचो. जुन्या पानाचा पासवर्ड आपल्याकडे नाही, म्हणून नवी जागा घेतली आहे. पत्ता सोबत आहे. भाऊजींना दाखव. नाही आवडलं तर मी काढून टाकीन, तुझी शपथ.

तुझी रोहिणी

---

उंबरपाडा
१४ एप्रिल २०२४

प्रिय रोहिणी,

तुझं पत्र मी चार जणांना वाचून दाखवलं, त्यातली एक शेजारची दिवलीबाई, तिला ऐकू येत नाही. 'नियम त्याच्या माघारी बदलला' हे वाक्य मी उशाशी ठेवलंय. वाटतं, मनूला ठाऊक असावं की पक्का नियम व्हायची वाट पाहण्याएवढा वेळ आपल्याकडे नाही. म्हणून मसुद्यावरच लिहून टाकलं.

ईस्टरला रिना आली. तिने फोन घेतला, मी तिच्याबरोबर गेले. भाऊजी खाटेवर होते. रिना म्हणाली, "आजोबा, आता बघा. आता नीट बसलेत सगळे."

"मला कुठे घातलं या वेळी? विहिरीत?"

"बघा तर!"

त्यांनी फोन आडवा धरून डोळ्यांजवळ नेला. आपल्या आईवर बोट ठेवलं, ती एकदम मोठी झाली, तर दचकले. रिना हसली. तिने पुन्हा सगळी रांग आणून दिली. दाराजवळ स्वतःला पाहिलं. मग आईकडे, मग आईच्या पलीकडे शमुवेलकडे. म्हणाले, "ही माझी जागा त्याने ठेवली होती?"

मी म्हटलं, "तेव्हापासून आहे, भाऊजी. फोनलाच वाचता येत नव्हती."

त्यांनी धोतराच्या सोग्याने फोनची काच पुसली. काच स्वच्छच होती. आणि मग, रोहिणी, त्यांनी विचारलं, "पण पोरगा काठाला का गेला? तो आईबापाच्या मधे नको का?"

मी घाईत पाहिलंच नव्हतं. खरंच, मनू मधे नाही. माझ्या अलीकडे, अगदी टोकाला आहे. त्याच्या पुढे ओटा संपतो. जुन्या कॉम्प्युटरवर तो अजून माझ्या आणि शमुवेलच्या मधे बसलाय. मी घरी येऊन दोनदा पाहिलं.

भाऊजी म्हणाले, "तिथून पडेल तो. आत घ्या त्याला."

बघशील का काय झालं? सावकाश बघ. मला पुढच्या आठवड्यात सुरतेला दाखवायला बोलावलंय. रिनाची आई सोबत येईल. विशेष काही नाही, तपासण्या.

ग्रेसी

---

नाशिक
३० एप्रिल २०२४

ग्रेसे,

कसल्या तपासण्या? नर्स 'विशेष काही नाही' म्हणते तेव्हा मला घाम फुटतो. मी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. लिही, नाहीतर मी एस.टी. पकडून येते. रनाळ्याची पोरगी आहे मी, दारात बसून राहीन.

आता मनूचं. चूक माझी होती. जुन्याचं नवं करताना मी शब्दाला शब्द ठेवत गेले.

त्यानं रांगेतली जागा ठरवायला प्रत्येकाला नंबर दिला होता. तुला एक. शमुवेलना दोन. रूपीबाईंना तीन. भाऊजींना चार. मी तेच नंबर नव्या नियमात लिहिले. पण स्वतःला त्यानं नंबरच दिलेला नाही.

ज्याला नंबर नाही त्याचं काय करायचं, हे जुन्या नियमात आणि नव्या नियमात वेगळं आहे. जुन्यात अशा माणसाला 'एक' धरायचे. तुझा नंबरही एक. दोघं एकाच नंबरचे, म्हणून फाइलमध्ये आधी तू आणि तुझ्या मागून तो. असा तो तुझ्या कुशीत बसला, आणि दोन नंबरचे शमुवेल त्याच्या पलीकडे. नव्या नियमात बिननंबरवाल्याला शून्य धरतात. शून्य सगळ्यांच्या आधी. म्हणून पोर काठाला गेलं.

विसरला असेल असं वाटलं होतं आधी. पण बाकी फाइलमध्ये एक स्वल्पविराम चुकलेला नाही. विसरणारा पोरगा नव्हता तो.

त्याला आत घ्यायचे दोन मार्ग आहेत. त्याला तुझ्याच बरोबरीनं 'एक' नंबर द्यायचा. किंवा तुझा नंबर काढून टाकायचा, म्हणजे तू आणि तो दोघंही बिननंबरचे, आधी तू, मग तो. दिसायला दोन्ही सारखंच दिसेल. सोपा पहिला आहे. पण हे मी ठरवणार नाही. तू सांग.

आणि सुरतेचं लिही.

रोहिणी

---

उंबरपाडा
९ जून २०२४

प्रिय रोहिणी,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण मधे मी इथे नव्हते. हे पत्र मी सांगतेय आणि रिना लिहितेय, म्हणून अक्षर सुंदर आहे. ती रडत लिहितेय, तेव्हा डाग पडले असतील तर ते माझे समजू नकोस.

तू येऊ नकोस असं म्हणणार नाही. ये. पण घाईने नको. मंगळवारी मला पुन्हा सुरतेला नेणार आहेत, या वेळी ठेवून घेतील. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खाटांशेजारी उभी राहिले आहे. डॉक्टर कागद उलटा ठेवून बोलायला लागले की त्याचा अर्थ मला कळतो. प्रभूने सोबत दिली आहे, भीती फार नाही. फक्त मनूच्या वेळी जी गरम पाण्याची पिशवी होती ती भाऊजींच्या सुनेने माझ्या पाठीशी ठेवली, तेव्हा थोडं कठीण गेलं.

एक गोष्ट तुला आनंदाची. परवा संध्याकाळी भाऊजी आले. चिंच ओलांडली, अंगण ओलांडलं, आणि ओट्याच्या पायरीशी थांबले. मी आतून खाटेवरून पाहत होते. मला उठता येईना. त्यांनी चपला काढल्या, हात टेकून चढले आणि दारालगत जाऊन बसले. बराच वेळ बसले. मग आत न बघताच म्हणाले, "मनूची आई, जागा जरा अरुंद केलीय शमुवेलने." मी म्हटलं, "ओटा तोच आहे, भाऊजी. तुम्ही रुंद झालात." ते हसले. सव्वीस वर्षांनी मी त्यांचं हसणं आमच्या भिंतीला लागून ऐकलं.

आता कामाचं. रिना, सरळ लिही, रडू नकोस.

जुना कॉम्प्युटर भाऊजींच्या घरी न्यायचा. त्याला इंटरनेट जोडू नये, कोणी त्यात नवं काही घालू नये. चालेल तोवर नाताळात एकदा लावावा. बंद पडला तर दुरुस्तीला देऊ नये, झाकून ठेवावा.

रूपीबाईंची चांदीची साखळी भाऊजींच्या सुनेला. तिने ती कधी मागितली नाही, म्हणून.

छातीला लावायचं माझं नर्सचं घड्याळ रिनाला. काटा मागे पडतो, तिला सवय होईल.

शमुवेलचं गाण्याचं पुस्तक चर्चला. पानांत मनूने लहानपणी काढलेली विमानं आहेत, ती खोडू नयेत.

ओट्यावरची दारालगतची जागा भाऊजींची. घर कोणाकडेही गेलं तरी ती त्यांची, त्यांना वाटेल तोवर.

बोर्डिंगमधली माझी एक उशीची खोळ ट्रंकेत तळाशी आहे. तिच्यावर नंबर नाही. ती तुला. डोक्यावर टाकण्यापुरती आहे अजून.

आणि मनूचं तू विचारलंस. मी खूप विचार केला, पण खरं सांगते, उत्तर तुझं पत्र वाचता वाचताच ठरलं होतं. त्याला नंबर देऊ नकोस. त्याने सगळ्यांना जागा दिली आणि स्वतःसाठी मागितली नाही, कारण त्याला ठाऊक होतं की आई शेजारी घेईल. तो हिशेब मी मोडणार नाही. माझा नंबर काढ. आम्ही दोघं बिननंबरचेच बसू. सिस्टर बेनेडिक्टा असत्या तर त्यांनी आम्हा दोघांना आपल्या पलंगावर ठेवलं असतं.

दोन, तीन आणि चार त्यांचे त्यांच्याकडे राहू देत. एक नंबर आता रिकामा होईल. तो कोणाला देऊ नकोस.

तुझी,
ग्रेसी